मेंदूला धार लावण्याचा जुना धंदा

यंदा जयंतीच्या वर्गणीतून काही पैसे उरले. डीजेवर एक रुपयाही घालायचा नाही असे वस्तीने आधीच ठरवले होते, म्हणून उरले. ते विहारातल्या अभ्यासिकेसाठी वापरायचे यावर दुमत नव्हते. नेमके कशावर वापरायचे, यावर मात्र दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीला एका कंपनीचा माणूस टॅब घेऊन आला. त्यात 'ब्रेन ट्रेनिंग'चे खेळ होते. रंगीत चौकोन लुकलुकतात, कुठला आधी पेटला ते लक्षात ठेवायचे. आकडे उलटे सांगायचे. पळणारे मासे मोजायचे. प्रत्येक मुलामागे वार्षिक फी. मुले अर्थातच टॅबवर तुटून पडली.

धुणीभांडी करून मुलीला सातवीत शिकवणाऱ्या एका मावशींनी मागून विचारले, "सर, यानं पोरीला भागाकार येईल का?" तो हसून म्हणाला, "ताई, मेंदू तल्लख झाला की भागाकार आपोआप येतो."

हा 'आपोआप' आमच्या डोक्यातून जाईना. आमच्यातले काहीजण टॅब घेण्याच्या बाजूने होते. श्रीमंतांची मुले हे खेळतात, मग आपल्या मुलांनी का मागे राहावे, असा त्यांचा सवाल होता आणि तो चुकीचा नाही. म्हणून आम्ही या 'आपोआप'चा इतिहास शोधायला बसलो. तो आमच्या कल्पनेपेक्षा फार जुना निघाला, आणि त्याच्या वाटेत बाबासाहेब दोनदा भेटले.

युरोप-अमेरिकेच्या शिक्षणात दीर्घकाळ एक समजूत पक्की होती. मन हे शरीरासारखेच. स्मरण, तर्क, एकाग्रता हे त्याचे स्नायू. तालमीत जोर-बैठका काढल्या की अंगात बळ येते आणि मग ते बळ कुस्तीला, नांगराला, ओझे उचलायला कुठेही वापरता येते. तसेच मनाला अवघड व्यायाम दिला की ते कुठल्याही कामाला तयार होते. हा व्यायाम कोणता? लॅटिन, ग्रीक आणि भूमिती. १८२८ मध्ये अमेरिकेतल्या येल कॉलेजात या मृत भाषा कशाला शिकवायच्या, असा प्रश्न उभा राहिला. प्राध्यापकांनी अहवाल लिहून उत्तर दिले की मनाला शिस्त लावणे आणि मनात ज्ञान भरणे ही शिक्षणाची दोन कामे आहेत, त्यातले शिस्तीचे काम जास्त मोलाचे, आणि त्यासाठी या भाषांना तोड नाही.

आता बघा, लॅटिन-ग्रीक शिकायला घरी पैसा लागत होता, शिक्षक लागत होता, वर्षानुवर्षे रिकामा वेळ लागत होता. ज्यांच्याकडे हे होते त्यांचीच मुले कॉलेजात जायची आणि 'तल्लख' ठरायची. भाषेने त्यांना तल्लख केले, की आधीच सुस्थितीत असलेल्यांनाच ती भाषा मिळाली, हे कुणी तपासले नव्हते.

आपल्याकडे याचे भावंड आहेच. 'संस्कृतने बुद्धी तीक्ष्ण होते' हे वाक्य शाळेत ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. आणि एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये काय झाले ते आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. विद्यार्थी भीमरावांना संस्कृत घ्यायचे होते, ते अस्पृश्य म्हणून नाकारले गेले, नाइलाजाने त्यांनी फारसी घेतली. पुढे ते स्वतःच्या हिमतीवर संस्कृत शिकले, तेही बुद्धीला धार लावायला नव्हे, तर धर्मग्रंथ मुळातून वाचून त्यांची चिरफाड करायला. ज्या तालमीने बुद्धी घडते असे सांगितले जाते तिच्या दारात जातीचा पहारा असेल, तर बाहेर उभ्या असलेल्याला 'बुद्धी कमी' म्हणणे किती सोपे होते!

ही समजूत तपासायला सुरुवात केली ती हार्वर्डच्या विल्यम जेम्स यांनी, आणि स्वतःवरच. १८९० च्या त्यांच्या मानसशास्त्राच्या ग्रंथात हा प्रयोग आहे. त्यांनी व्हिक्टर ह्यूगोच्या एका कवितेच्या १५८ ओळी पाठ केल्या. सुमारे १३२ मिनिटे लागली. मग ३८ दिवस रोज वीसेक मिनिटे मिल्टनचे महाकाव्य पाठ करून स्मरणशक्तीला भरपूर व्यायाम दिला. नंतर त्याच ह्यूगोच्या पुढच्या १५८ ओळी घेतल्या, तर वेळ साडेएकशे एक्कावन्न मिनिटे. कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आपण त्या वेळी थकलो होतो, असेही जेम्स यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. एका माणसावरचा प्रयोग, त्यावरून निकाल देता येत नाही. पण शंकेला जागा झाली.

१९०१ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी पद्धतशीर प्रयोग छापले. लोकांना कागदी आकृत्यांचे क्षेत्रफळ नजरेने ओळखण्याचा सराव दिला. ज्या आकृत्यांवर सराव झाला त्यांत ते पटाईत झाले. आकृतीचा आकार किंवा माप बदलले की पटाईतपणाचा बराचसा भाग गळून पडला. निष्कर्ष असा की एका कामातला सराव दुसऱ्या कामाला उपयोगी पडतो तो दोन कामांत जेवढे साम्य असेल तेवढाच. सगळीकडे चालेल असे 'बळ' मनात साठत नाही.

१९२४ मध्ये थॉर्नडाइक यांनी मोठी चाचणी घेतली. हायस्कूलच्या साडेआठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी परीक्षा घेऊन, कुठला विषय शिकल्याने विचारशक्ती किती वाढते ते मोजले. लॅटिन, भूमिती यांना काही खास स्थान मिळाले नाही. विषयाविषयांतला फरक नगण्य निघाला. आधीच पुढे असलेली मुले कुठलाही विषय घेतला तरी पुढेच राहिली. म्हणजे लॅटिनने हुशार माणसे घडवली नव्हती, हुशार गणलेली माणसे लॅटिन घेत होती, एवढेच. येलच्या अहवालानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी हा हिशेब झाला.

इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपण माणसांचे देव करत नाही. हे थॉर्नडाइक स्वतः बुद्धी मुख्यतः आनुवंशिक असते असे मानणारे, वंशवादी विचारांचे गृहस्थ होते. कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजने २०२० मध्ये त्यांचे नाव आपल्या इमारतीवरून काढून टाकले. त्यांचे आकडे त्यांच्याच पूर्वग्रहांपेक्षा शहाणे होते.

कोलंबिया म्हटल्यावर आपले कान टवकारणारच. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबियात शिकत होते आणि थॉर्नडाइक तेव्हा त्याच परिसरातल्या टीचर्स कॉलेजात शिकवत होते. दोघांची भेट झाली असा दावा आम्ही करत नाही. पण बाबासाहेब ज्यांना गुरू मानत त्या जॉन ड्युई यांनी १९१६ मध्येच 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन' या पुस्तकात मनाच्या तालमीची ही कल्पना खोडून काढली. त्यांचे म्हणणे साधे होते. शक्ती विषयापासून वेगळी काढून कमावता येत नाही. माणूस निरीक्षण करायला शिकतो ते कशाचे तरी निरीक्षण करत, विचार करायला शिकतो ते कशाचा तरी विचार करत.

दर १४ एप्रिलला व्हॉट्सॲपवर बाबासाहेबांच्या मेंदूची आणि बुद्ध्यांकाची फॉरवर्ड फिरतात. जगातला अमुक नंबरचा मेंदू वगैरे. यातला अभिमान आम्हाला कळतो, पण त्यात आपणच विरोधकाची भाषा बोलतो आहोत हे कळत नाही. कोलंबियातली नोंद वेगळे काही सांगते. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. ही यादी आपल्या मुलांना दाखवावी. त्यात मेंदूचा व्यायाम कुठेच नाही, विषयच विषय आहेत. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनातही बहुजनांच्या मुलांसाठी काय मागितले? मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य आणि नीती.

मग हे खेळ आले कुठून? याचे एक मूळ एका भल्या माणसाकडे जाते. १९०५ मध्ये पहिली बुद्धिमत्ता चाचणी तयार करणारे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून त्यांनी चाचणी केली. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि अचल असते, हे मत त्यांना मान्य नव्हते. अशा मुलांसाठी त्यांनी 'मानसिक ऑर्थोपेडिक्स' सुचवले, म्हणजे पुतळ्यासारखे स्तब्ध राहण्याचा खेळ, लक्ष आणि स्मरण यांचे छोटे सराव. पुढे व्हायचे ते झाले. चाचणी अमेरिकेत गेली, तिथे ती माणसांना उच्च-नीच लावण्याचे यंत्र बनली. खेळांचा धंदा शंभर वर्षांनी संगणकावर फुलला.

२००५ मध्ये निन्टेंडोचा मेंदूचा खेळ आला. २००८ मध्ये अमेरिकेत एक शोधनिबंध आला की कार्यकारी स्मृतीचा एक विशिष्ट खेळ काही आठवडे खेळला की बुद्धिमत्ताच वाढते. बाजाराला हेच हवे होते. २०१३ मध्ये दुसऱ्या गटाने तोच सराव जास्त काटेकोरपणे करून पाहिला, तर बुद्धिमत्तेत वाढ दिसली नाही. त्याआधी २०१० मध्ये बीबीसीच्या मदतीने ११,४३० लोकांवर सहा आठवड्यांचा प्रयोग झाला. सगळे आपापल्या खेळात सुधारले. खेळाबाहेरच्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही, अगदी त्या खेळासारख्याच दिसणाऱ्या कामांतही नाही. २०१४ मध्ये सुमारे ७० शास्त्रज्ञांनी जाहीर पत्रक काढले की या खेळांच्या दाव्यांना भक्कम पुरावा नाही. शंभरावर दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्याला विरोध करणारे पत्रकही काढले, हे लपवायचे कारण नाही. मग २०१६ मध्ये दोन्ही बाजूंचे पुरावे चाळून एक विस्तृत आढावा आला. त्याचा निकाल थॉर्नडाइक यांच्या १९०१ च्या निकालाहून फारसा वेगळा नाही. खेळलेला खेळ सुधारतो, त्याच्याशी साम्य असलेले थोडे सुधारते, शाळा आणि रोजचे जगणे सुधारल्याचा पुरावा मिळत नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'लुमोसिटी' या प्रसिद्ध कंपनीवर कारवाई केली. शाळेत आणि कामावर कामगिरी सुधारते, ही जाहिरात पुराव्याशिवाय केल्याबद्दल कंपनीला २० लाख डॉलर मोजावे लागले.

असे का होते हे समजायला एका विद्यार्थ्याची गोष्ट पुरे. १९८० मध्ये छापलेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या एका महाविद्यालयीन तरुणाने दीड-दोन वर्षांत २३० तास सराव केला. एकदा ऐकलेले सात आकडे तो लक्षात ठेवू शकायचा, ते ७९ झाले. स्मरणशक्ती दहापटीहून जास्त वाढली म्हणायची! मग संशोधकांनी आकड्यांऐवजी अक्षरे सांगितली. तो परत सहावर आला. तो धावपटू होता. आकडे ऐकले की ते शर्यतीच्या वेळा म्हणून मनात साठवायची युक्ती त्याने कमावली होती. स्मरणशक्ती होती तेवढीच होती, युक्ती वाढली होती.

हे लक्षात ठेवले की 'संस्कृत इफेक्ट'च्या बातमीकडेही नीट बघता येते. २०१८ मध्ये ही बातमी गाजली. भारतातल्या २१ वेदपाठी पंडितांच्या मेंदूची २१ इतर लोकांशी तुलना केली, पंडितांच्या मेंदूत स्मरणाशी संबंधित काही भाग मोठे आढळले. प्रयोग खरा आहे. पण तो एकाच वेळी काढलेला फोटो आहे. पंडित व्हायच्या आधी त्यांचा मेंदू कसा होता ते त्यात नाही. आणि लहानपणापासून हजारो तास पाठांतर केलेला माणूस पाठांतरात तरबेज असणार, यात संस्कृतचा चमत्कार काय? या प्रयोगावरून सगळ्यांच्या मुलांना संस्कृतची सक्ती करा म्हणणारे, ती विद्या पिढ्यानपिढ्या कुणाला बंद होती हे मात्र विसरतात.

'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'वर तर शब्द खर्च करायलाच नकोत. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुले नाकाशेजारच्या फटीतून बघतात, हे नरेंद्र नायक यांच्यासारख्या बुद्धिवादी कार्यकर्त्यांनी वारंवार उघड केले आहे. यात मुलाला सगळ्यांदेखत खोटे बोलायला शिकवले जाते.

आता आपल्या जवळचे पुरावे पाहू. त्यातले दोन वडोदऱ्याचे आहेत. हेच ते गाव जिथे १९१७ मध्ये विदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही.

पहिला पुरावा ॲबॅकसचा. वडोदऱ्यात २०४ शाळकरी मुलांवर तीन वर्षे प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची विभागणी करून काहींना मनातल्या मनात मणी सरकवण्याचे ॲबॅकस शिकवले, बाकीच्यांना तेवढाच वेळ नेहमीच्या गणिताचा जादा तास दिला. ॲबॅकसची मुले अंकगणितात पुढे गेली. हे मान्य केले पाहिजे. स्मरण, एकाग्रता, सर्वसाधारण बुद्धी यांत मात्र काही फरक पडला नाही. म्हणजे ॲबॅकस बेरीज-वजाबाकी शिकवते म्हणून बेरीज-वजाबाकी येते. 'मेंदूचा सर्वांगीण विकास' ही पाटी फक्त फी वाढवायला आहे.

दुसरा पुरावाही वडोदऱ्याचाच, आणि तो खेळांच्या बाजूने आहे. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकावर दोन मुले, आणि मुलाच्या पातळीप्रमाणे अवघड होत जाणारी गणिते. गणिताचे गुण चांगलेच वाढले. भाषेत काही फरक नाही. खेळात गणित होते म्हणून गणित आले. याच अभ्यासात मुंबई आणि वडोदऱ्यात 'बालसखी' ही योजनाही तपासली होती. वस्तीतल्याच, दहावी-बारावी शिकलेल्या तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून वाचन आणि हिशेब शिकवत. त्याचा सर्वात जास्त फायदा अगदी तळातल्या मुलांना झाला. या मुलींना महिना ५०० ते ७५० रुपये मिळत, हेही सांगितले पाहिजे. पूर्ण पगाराचे शिक्षक न भरता समाजाच्या लेकींच्या स्वस्त श्रमावर शिक्षण चालवायचे, याला आमचा विरोध आहे आणि राहील. पण शिकवल्याने मुले शिकतात, हे त्यातून सिद्ध झालेच.

दिल्लीतला २०१७ चा अभ्यास तर कंपनीवाल्याने वाचायलाच हवा. २१४ बालवाड्यांतल्या १,५४० मुलांना चार महिने संख्या आणि आकार यांचे सुंदर खेळ दिले. खेळांनी ज्या अंतःप्रेरणेच्या गणिताला सराव दिला, ते सुधारले आणि एका वर्षाहून जास्त टिकले. पण मुले पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात पुढे नव्हती. अंक, चिन्हे, मांडणी हे कुणीतरी शिकवावे लागते. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. भागाकार आपोआप येत नाही.

मग बुद्धिमत्ता वाढतच नाही का? वाढते, आणि आपल्या चळवळीला हे तोंडपाठ हवे. २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांवरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे बुद्ध्यांकात १ ते ५ अंकांची वाढ दिसली. ज्या बुद्ध्यांकाच्या जोरावर 'मेरिट'च्या गप्पा मारल्या जातात, तो शाळेत बसल्याने वाढतो. ज्यांच्या पिढ्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही त्यांना बुद्धी कमी म्हणणाऱ्यांनी हा आकडा वाचावा.

आपल्या शिष्यवृत्ती परीक्षांत हेच दिसते. शालेय शिष्यवृत्तीला 'बुद्धिमत्ता चाचणी' असते, एनएमएमएसला मानसिक क्षमतेचा पेपर असतो. हा पेपर जन्मजात बुद्धी मोजतो असे भासवले जाते. प्रत्यक्षात ज्यांच्या घरी त्या पेपराचे जुने प्रश्नसंच असतात, क्लास असतो, त्यांना तो सोपा जातो. सराव त्याच प्रकारच्या प्रश्नांचा, गुण त्याच प्रश्नांत. म्हणजे थॉर्नडाइक यांचा नियम इथे आपल्या उपयोगाचा आहे. मासे मोजून हा पेपर सुटणार नाही, जुने प्रश्नसंच सोडवून सुटेल. एनएमएमएसला वर्षाला १२,००० रुपये मिळतात, नववी ते बारावी. आपल्या घरांत ही रक्कम लहान नाही.

आमचा खेळांवर राग नाही. विहाराच्या ओट्यावर कॅरम आणि बुद्धिबळ चालते आणि चालणार. मुलांना खेळायला आवडते, एवढे कारण पुरेसे आहे. इंग्लंडमध्ये शंभर शाळांत बुद्धिबळ शिकवून वर्षभराने गणित तपासले, काही फरक नव्हता. तरी बुद्धिबळ खेळावेच. त्याची फी गणिताच्या नावाखाली घेऊ नये.

तिसऱ्या बैठकीत टॅबचा ठराव नामंजूर झाला. विरोधात असलेले आम्ही सगळे टॅबच्या विरोधात होतो असे नाही, मेंदूच्या खेळांच्या विरोधात होतो. उरलेल्या पैशांतून शिष्यवृत्तीचे प्रश्नसंच, गोष्टींची पुस्तके आणि एक मोठा फळा घेतला. वस्तीतल्या दोन बी.एस्सी. करणाऱ्या मुली संध्याकाळी दोन तास शिकवतात. त्यांचे मानधन आधी ठरवून, ठरावात लिहून घेतले. सुरुवात भागाकारापासून झाली. पहिल्याच आठवड्यात कळले की सातवीतल्या बऱ्याच मुलांचे अडते ते भागाकारात नव्हे, पाढ्यांत आणि हातच्याच्या वजाबाकीत. म्हणून आता तिसरीचे पुस्तक उघडले आहे. मावशींची मुलगी पहिल्या दिवशी लाजली, तिसरीचे पुस्तक कशाला म्हणाली. आता ती सतराच्या पाढ्यावर आहे.